लाल फडक्यातला भास्कर

ओढा ओलांडून वर आल्यावर केशरबाईंनी डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि सत्यशीलाच्या हातात दिलं.

"घ्या आता तुमी. माझी मान गेली. ह्या भास्करला लई वजन हाय ओ बाई."

सत्यशीलानं पदर सारखा केला आणि लाल फडक्यातलं ते गाठोडं छातीशी धरलं. नवरात्रातली चौथी माळ होती. दोघी पहाटे गावातून अनवाणी निघाल्या होत्या, तलवाड्याच्या देवीला. ऊन तापायला लागलं होतं, रस्त्याच्या कडेची खडी पायाला टोचत होती, दोन्ही अंगांना कापूस फुटला होता आणि तलवाडा काही दिसत नव्हतं.

मागून एक मोटारसायकल आली, पुढं गेली आणि थांबली. गाडीवरचा तरणाबांड गडी उतरला. त्यानं चपला काढल्या, जवळ येऊन गाठोड्यावर डोकं टेकवलं.

"कुठला ग्रंथ म्हणायचा, माय?"

"मोठा हाय बाबा," केशरबाई म्हणाल्या. "अजून संपला न्हाई."

गड्यानं पुन्हा एकदा डोकं टेकवलं, चपला घातल्या आणि तो गेला. तो दिसेनासा होईपर्यंत सत्यशीलानं हसू दाबून धरलं होतं.

"केशरबाई, मागच्याच महिन्यात ह्याच ग्रंथात ती मथुरा मागच्या दारानं पळून गेली होती."

"मग काय झालं? ती पळाली तरी ग्रंथ सरस्वतीच हाय. छापलेलं हाय न्हवं?"

सत्यशीला हसत पुढं चालायला लागली.

गाठोड्यात कादंबरी होती. शंभरेक वर्षांपूर्वीची, उशीएवढी जाड. शहाण्या माणसानं आयुष्यात एकदा तरी वाचावीच, असं सगळे म्हणत असलेली. गावच्या शाळेत मास्तरकी करून सत्यशीला निवृत्त झाली होती आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत तिनं पुस्तकांचं एक कपाट मांडलं होतं. ही कादंबरी तिचीच. डी. एड.ला असताना तिनं ती वाचायला घेतली होती, नंतर बाळंतपणाच्या रजेत घेतली, निवृत्तीनंतर परत घेतली. सुरुवातीला नदीचं वर्णन आहे. नदी उगमापासून निघते ती काही केल्या गावाला पोचत नाही. दर वेळी सत्यशीला त्या नदीतच बुडाली. पुस्तक मात्र तिनं टाकून दिलं नाही. रोज त्या खोलीत दिवाबत्ती करताना नजर कपाटाकडं गेली की मन खायचं, भेटायची राहून गेलेल्या म्हाताऱ्या आत्यासारखं.

केशरबाईंचं उलटं होतं. त्यांना कुठलीच गोष्ट अर्धी सोडता येत नसे. शाळा सातवीपर्यंत, पण त्यानंतर हाती आलेला प्रत्येक कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला. खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचायच्या, भेळीच्या कागदावरची बातमी वाचायच्या आणि लग्नाची पत्रिका तर "श्री गणेश प्रसन्न" इथपासून "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" आणि छापखान्याच्या नावापर्यंत, मोठ्यानं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांचं जावेशी चुलीवरून भांडण लागलं. ऐन रंगात पाहुणे आले, म्हणून थांबवावं लागलं. पाहुणे दिवाळी करून गेले. एसटी फाट्यावरून हलली आणि केशरबाईंनी भांडण ज्या शब्दावर थांबलं होतं त्याच शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. जाऊ तोवर विसरून गेली होती.

त्यांचा आवाज खणखणीत. मारुतीच्या देवळात पोथी वाचायची ती त्यांनीच, असा गावाचा शिरस्ता. यंदा अधिक महिना आला आणि बघतात तर देवळातली पोथी वाळवीनं फस्त केलेली. सत्यशीला तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला केजला गेली होती. कपाटाची किल्ली केशरबाईंकडंच असायची. वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या असतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांत मोठं गाठोडं उचललं. अधिकाचा महिना, मग ग्रंथही तसाच थोर हवा.

आता त्या कादंबरीचं कव्हर केव्हाच गेलं होतं आणि पानं सुटायला लागली होती, म्हणून सत्यशीलानंच ती लाल फडक्यात बांधली होती. खालच्या फळीत मावेना, म्हणून वर ठेवली होती. यात कुणाला काय बोल लावायचा?

आपल्याकडं ग्रंथ उघडायच्या आधी संकल्प सोडतात. पाट मांडला, तांदळाची रास घातली, नारळ ठेवला. बांधल्या गाठोड्याला हळदकुंकू वाहिलं. केशरबाईंनी तळहातावर पाणी घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "मारुतीराया, ह्यो ग्रंथ मी पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापतोर वाचीन. माझ्या अंगदचं लगीन जमू दे." आणि पाणी सोडलं.

अंगद त्यांचा एकुलता एक. चांगला उंचापुरा, बागायती जमीन, दारात ट्रॅक्टर. पण पोरीकडचे येत, चहा पीत, "मुलगा करतो काय?" विचारत आणि "शेती" म्हटलं की बशीत उरलेला चहा तसाच ठेवून उठत. तेहतिशी उलटली होती. गावात त्याच्या वयाचे आणखीही होते. पण दुसऱ्यांची पोरं बिनलग्नाची आहेत, म्हणून आईचा जीव थोडाच थंड पडतो?

तर पाणी सोडलं, मग फडकं सोडलं. पहिल्याच पानावर नदी. आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. बायकांनी हात जोडले. केशरबाईंनी पोथीच्या चालीत नदी वाचायला घेतली. जी नदी सत्यशीलाला तीनदा बुडवून बसली होती, ती केशरबाईंच्या गळ्यातून अशी काही वाहिली की भिवराबाईंसारखी सगळ्यांत म्हातारी बाई डोळे पुसायला लागली.

तीन-चार दिवसांनी नदी एका घाटाला लागली. घाटावर मथुरा नावाची पोरगी पाण्यात पाय सोडून बसली होती आणि झाडाआडून भास्कर नावाचा तरुण तिच्या पायांकडं बघत होता. केशरबाई चालीच्या भरात तेही वाचून गेल्या. मग थांबल्या. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"देवलोकाच्या लीला असत्यात," भिवराबाई म्हणाल्या. "वाच पुढं."

केशरबाईंनी पुढं वाचलं. भास्करनं खिशातून विडी काढली आणि पेटवली.

"देव विडी वढंल का गं?" मंगल म्हणाली. ही भिवराबाईंची सून, हिचं सगळ्यात तोंड.

मग कळलं. पण संकल्प सुटला होता. देवळाचा गुरव तात्याबा, त्याला बोलावलं. त्यानं गाठोडं उलटंसुलटं करून पाहिलं.

"पाणी सोडलं का?"

"सोडलं."

"ग्रंथ म्हणलीस का?"

"म्हणले."

"मग झालं तर. मारुतीनं काय कव्हर बघितलं व्हय?"

असा निकाल लागला. नातू दोन महिन्यांचा झाल्यावर सत्यशीला केजहून परतली. फाट्यावर एसटीतून उतरली तर देवळातून पोथीची चाल ऐकू येत होती. कान देऊन ऐकलं तर भास्करच्या चुलत्याचा जमिनीचा दावा चालला होता, तारीख आणि वकिलाच्या जबानीसकट. चुलत्यानं खोटा अंगठा उठवून वावर लाटलं, तिथं अध्याय संपला आणि सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "पुंडलिक वरदा हाऽऽरि विठ्ठल!"

ही पोथी नाही, हे आत जाऊन सांगावं, म्हणून सत्यशीला देवळात शिरली. खांबाला टेकून बसली. पिशवी मांडीवरच राहिली. उठली तेव्हा सांज झाली होती आणि केजहून आणलेली मेथी कोमेजली होती. नदीच्या पलीकडं ती पहिल्यांदाच पोचली होती.

अधिक महिना संपला, पण भास्कर संपेना. श्रावण आला. पंचमीचे झोके झाले. महालक्ष्म्या येऊन जेवून गेल्या. खुरपणीला माणूस मिळेना तरी दुपारच्याला देवळात बैठक भरायचीच. मध्ये भास्कर हिमालयात गेला आणि एका शिळेवर बसून माणूस जन्माला का येतो याचा विचार करायला लागला. विचार दहा दिवस चालला. तेव्हा बायका गळाल्या. कुणाची म्हैस अडली, कुणाचा कान दुखायला लागला. केशरबाईंचे मालक मोहनराव मांडी घालून नेमानं येत आणि नेमानं झोपत. तेसुद्धा एकदा जागे होऊन म्हणाले, "ह्याला घरी कामधंदा न्हाई का?"

केशरबाईंची स्वतःचीही गंमत होती. रोज सकाळी त्या उरलेली पानं दोन बोटांत धरून बघत, डब्यात पीठ किती राहिलंय ते बघावं तशी. "मेल्याला संपायचं नावच न्हाई," असं म्हणून पुस्तकाला दोन शिव्या घालत. आणि संध्याकाळी फडक्याची गाठ मारताना म्हणत, "हाय अजून. बरंच हाय," आणि सुखावत.

गोंधळ झाला तो दुसऱ्याच गोष्टीनं. पुरानं भास्करचा साखरपुडा मोडला, त्याच आठवड्यात केजचं स्थळ अंगदला नको म्हणालं. पुढं भास्करच्या चुलत्यानं मोडता घातला, तेव्हा अंगदचं दुसरं स्थळ पत्रिका जुळत नाही म्हणून गेलं. भिवराबाईंनी दोन बोटं एकमेकांना लावून दाखवली.

"तिकडं मोडलं का हिकडं मोडतंय. आता काय ते समजा."

"योगायोग आहे ओ," सत्यशीला म्हणाली. पण निवृत्त बाईचं कोण ऐकतंय?

आणि मग भास्कर हिमालयातून उतरला. त्यानं मथुरेला निरोप धाडला. चौथ्या दिवशी अंगदला चकलांब्याचं स्थळ सांगून आलं. मुलगी प्रियदर्शनी, नर्सिंग शिकलेली. फोटो बघून म्हणाली, "शेती असली तरी चालंल. पण माणूस बोलता असावा." केशरबाईंनी देवळात साखर वाटली, अंगदच्या नावानं एक मूठ आणि भास्करच्या नावानं एक.

अंगद मात्र चिडायचा. "आई, त्यो भास्कर मेला काय न् जगला काय, माझ्या लग्नाशी त्याचा काय संबंध?" असं घरात म्हणायचा आणि दुपारी ट्रॅक्टर उभा करून देवळाच्या मागच्या खांबाआड बसायचा. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा मात्र भास्कर मथुरेसमोर उभा राहिला, आकाशाकडं बघितलं, निःश्वास टाकला, पुन्हा आकाशाकडं बघितलं, तेव्हा खांबाआडून आवाज आला, "अबे, बोल की बे एकदाचं!" देऊळभर हसू फुटलं. त्याच रात्री अंगदनं चकलांब्याला स्वतः फोन लावला आणि भास्करला साऱ्या ग्रंथात जमलं नाही ते एका दमात विचारून टाकलं. पोरगी हो म्हणाली.

तिची आई मात्र देवभोळी. तिनं केशरबाईंना फोन केला. "ताई, तुमचा संकल्प चालू हाय म्हणं. अर्ध्या संकल्पात लग्नाची बैठक नको बाई. समाप्ती करा. दसऱ्यानंतर आमी येतोच."

आणि भास्करनं इथंच घात केला. मथुरेचं लग्न दुसरीकडं ठरलं, हे कळल्यावर तो अंगात ताप असताना, भरल्या नदीत, एकट्या नावाड्याला घेऊन निघाला. मधोमध आल्यावर नाव हेलकावली. तीन अध्याय उरले होते. केशरबाईंनी फाडकन पुस्तक मिटलं.

"आज घसा बसला."

दुसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. मग पितरांचा पंधरवडा, पित्रपाट लागला, पित्रपाटात कुणाचा शेवट वाचू नये म्हणे. बायका हवालदिल झाल्या. भास्करला नावेत सोडून कुणाच्याही घशाखाली घास उतरेना. केशरबाईंनी शेवटाचा तपास सुरू केला. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी काचेच्या कपाटात हेच पुस्तक होतं, त्यांना गाठलं.

"शेवट म्हणजे काय केशरबाई! अंगावर काटा येतो."

"काटा कशाचा, सर? सुखाचा का दुःखाचा?"

सरांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना मीटिंग आठवली. मग गेवराईला कॉलेजात मराठी शिकवणारे एक प्राध्यापक होते, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, शेवट वाचकांवर सोडलाय.

"आमच्यावर कावून सोडला?" केशरबाई फोनवरच तडकल्या. "आमी काय केलं हाय त्याचं?"

सत्यशीलाला हे सगळं आठवलं आणि चालता चालता पुन्हा हसू आलं. कडुनिंबाखाली पाणपोई होती. दोघी टेकल्या. केशरबाईंनी तळपाय बघितले, एक खडा काढला.

"बाई, काल मंगल काय म्हणाली म्हाईत हाय? मी वाचीना म्हणून नाव मधीच उभी हाय, म्हणं. मी वाचलं तर बुडंल, न्हाई वाचलं तर तिथंच तापानं मरंल."

"पुस्तकात जे छापलंय ते छापलंय. तुमच्या वाचण्यानं बदलणार नाही."

"ते मला कळतंय ओ. मी काय येडी न्हाई." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पण माझा आवाज तर माझ्या हाताबाहेर हाय. भास्कर बुडला न् वाचता वाचता माझा आवाज फुटला, तर बायका काय म्हणतील? भिवराबाई लगेच दोन बोटं लावून दाखवील. मंगलचं माहेर चकलांब्याचं. संध्याकाळच्या आत फोन जाईल तिथं. ग्रंथाच्या समाप्तीला अपशकुन झाला म्हणून. इहीणबाई कशी हाय तुमाला म्हाईत हाय."

सत्यशीलाला माहीत होतं. देवाधर्माचं सत्यशीला कुणाला हसण्यावारी नेऊ देत नसे, स्वतःलाही नाही. खरं तर गेला महिनाभर तीसुद्धा तिन्हीसांजेला समईत तेल घालताना हळूच म्हणायची, "देवा, अंगदचं जमू दे. आणि जमलं तर भास्करचंही बघ." असलं मागताना तिला थोडं ओशाळं वाटे. पण मागायचं राहवत नसे.

"मग देवीला काय मागणार?"

"देवीला काय मागायचं ते देवीला सांगीन. चला."

तलवाडा आलं. देवळाबाहेर बायकांची रांग, ओटीच्या ताटांची, हळदीकुंकवाची दुकानं, नारळ फोडल्याचे आवाज. गाठोडं बघून लोकांनी वाट दिली. एका आजीनं झेंडूचं फूल वर ठेवलं. भास्कर असा मानानं पायऱ्या चढला. सभामंडपात एका कोपऱ्यात गार फरशी होती. केशरबाईंनी सत्यशीलाला तिथं बसवलं, गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडली. खुणेचं मोरपीस होतं ते पान उघडलं.

"बाई, तुमी हितं बसा. देवीच्या समोर शेवटचे तीन अध्याय मनातल्या मनात वाचून घ्या. मी तवर ओटी भरून येते."

सत्यशीलानं पुस्तक मिटलंच. "मी? नको ओ. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. चाळीस वर्षं मी हे पुस्तक सांभाळलं, आता कुठं गोडी लागली. शेवटाला मी आधीच जाऊन बसले तर देवळात काय ऐकू? मी डोळेसुद्धा मिटून ठेवते, चुकून पुढचं पान दिसू नये म्हणून."

"म्हाईत हाय. म्हणून तर तुमाला सांगायली. दुसरं कोण पुरं वाचील? सरांना दिलं तर परत अंगावर काटा येईल त्यांच्या."

"आणि काय सांगू तुम्हाला? बुडला तर बुडला म्हणू?"

"न्हाई!" केशरबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "बुडला म्हणू नका. तरला तरी तरला म्हणू नका. मथुरा, नाव, नावाडी, काऽऽही नको. मी वाचणारच हाय, दसऱ्याच्या आत. अर्धं न्हाई सोडायची. फकस्त येवढं सांगा, समाप्तीच्या नैवेद्याला पुरण घालू का साधा वरणभात?"

"मग कळलंच की तुम्हाला!"

"काय झालं ते कळंल. कसं झालं ते न्हाई ना कळणार. तेवढं मला वाचायला पुरतंय. वरणभात असला तर आधी घरी बसून रडून घेते, मग खणखणीत वाचते. कुणाला काय कळणार न्हाई."

सत्यशीलानं मांडीवरच्या पुस्तकाकडं बघितलं, मग गाभाऱ्याकडं. उरलेली पानं दोन बोटांत धरली. पातळ होती.

केशरबाईंनी ओटीचं ताट उचललं, चार पावलं गेल्या आणि परत आल्या.

"आन् बाई, सांगताना तोंडावरनं पदर घ्या. तुमचं तोंड मला लगेच वाचता येतं."